मागच्या सीटवरचा आवाज

गुलाम नबींच्या कानाबद्दल वसमतमध्ये कुणी शंका घेतली असती, तर मोंढ्याच्या रस्त्यावरच्या माणसांनीच त्याला धारेवर धरलं असतं. चाळीस वर्षं हा माणूस आवाज स्वच्छ करत आला होता. रेडिओ झाले, टेप झाले, जीपमधले स्पीकर झाले, लग्नातले भोंगे झाले. मशिदीचा माइक आणि हरिनाम सप्ताहाचा माइक त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी पडलेले असायचे आणि दोघांचीही खरखर एकाच दुपारी निघायची. काम झालं की गुलाम नबी ते यंत्र कानाशी धरायचे, डोळे मिटायचे, गिऱ्हाइकाला अंमळ ताटकळत ठेवायचे आणि मग म्हणायचे, "साफ!" त्यावर गिऱ्हाइकानं "एकदम साफ, चाचा" म्हणायचं आणि निघायचं. या रिवाजात चाळीस वर्षांत खंड पडलेला नव्हता.

त्या सोमवारी दुपारी कुरुंद्याचे संतराम आपल्या मोटारसायकलवरून बायकोला, शालूबाईंना, घेऊन आले. संतरामच्या वडिलांचा रेडिओ गुलाम नबींनीच तीनदा जिवंत केलेला, त्यामुळं ओळख जुनी. शालूबाईंना मात्र ते पहिल्यांदाच नीट पाहत होते. बाई वाळून काटकी झाली होती, उजव्या कोपरावर पट्टी होती, आणि गाडीवरून उतरायला तिला नवऱ्याच्या खांद्याचा आधार लागला. पण स्टुलावर बसल्या बसल्या तिनं दुकानावरून जी नजर फिरवली, ती काही आजारी माणसाची नव्हती.

"चाचा," संतराम म्हणाले, "मागं बसून ही काय बोलून राहिली ते मला ऐकू यायला पायजे. बस, एवढंच काम हाय."

"घरी ऐकू येतं का?" गुलाम नबींनी विचारलं.

"घरी मला ऐकावंच लागतं."

मग सगळं कळलं. शालूबाईंच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. सोमवारी आणि गुरुवारी नांदेडला डायलिसिस. मशीनवर सकाळी सहाचा नंबर, आणि त्या वेळेला पोचवणारी एसटी कुरुंद्याहून नव्हती. परत येताना बसमध्ये जागा मिळाली नाही तर उभं राहायचं बळ बाईच्या पायात नसायचं. म्हणून दोन वर्षं मोटारसायकलच चालली होती. चार तास मशीनवर काढल्यावर वाटेत कधीकधी तिला भोवळ यायची. मागच्या गुरुवारी आली, आणि बाई चालत्या गाडीवरून उसाच्या कडेला पडली. नशीब की तिथं नांगरलेली माती होती.

"मी तीनदा म्हणलं, थांबा," शालूबाई म्हणाल्या. "आन हे तीनदा म्हणले, व्हय."

संतराम खाली बघायला लागले. त्यांचा स्वभावच तसा होता. गाडीवर वाऱ्यात आणि इंजिनच्या आवाजात मागचं काही कळायचं नाही, आणि दरवेळी "काय म्हणलीस?" विचारायचा कंटाळा. "व्हय" म्हटलं की बायको गप्प बसते, हे त्यांनी लग्नानंतर लवकरच हेरलं होतं. त्यात कितीतरी वर्षं त्यांचं काही बिघडलं नाही.

पुतण्यानं ऑनलाइन मागवलेला, आपसात बोलायच्या दोन हेल्मेटांचा संच त्यांनी पिशवीतून काढला. गुलाम नबींनी तो उलटासुलटा केला, चालू केला, आणि शालूबाईंना बोलायला लावलं. बाईचा आवाज मुळातच बारीक. पलीकडं काहीच पोचेना. गुलाम नबींनी तोच माइक स्वतःच्या तोंडाशी धरून एक हाक मारली तेव्हा संतराम दचकले.

"ही चीज जोरात बोलणाऱ्यासाठी हाय," गुलाम नबींनी निकाल दिला. "आवाज मोठा असला तरच हिच्या माइकाचा दरवाजा उघडते. ज्याला भोवळ येऊन राहिली तो माणूस ओरडणार कसा? शालूबाई, तुमच्यासाठी मी दरवाजाच ठेवत न्हाई. तार टाकतो. माइक कायम उघडा. तुमी श्वास घेतला तरी यांच्या कानात गेला पायजे. हेल्मेट ठेवून जा, उद्या संध्याकाळी गाडी घेऊन या. गुरुवारी नांदेडला बोलत बोलत जा."

असं बोलायला त्यांना आवडायचं, आणि त्यात थापा नसायच्या. सगळा मंगळवार त्यांनी मन लावून काम केलं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी पत्र्याची डबी, तिच्यात छोटा अ‍ॅम्प्लिफायर. दोन्ही हेल्मेटांत कानाशी चपटे स्पीकर, ओठांशी माइक. जुन्या टेलिफोनची असते तशी वेटोळ्याची तार, आणि तिला ओढली की सुटणारी पिन, म्हणजे उतरताना कुणी अडकून पडायला नको. वीज गाडीच्याच बॅटरीतून. वेगळे सेल ठेवले असते तर ते नेमके एखाद्या गुरुवारी संपले असते, हे त्यांना आधीच दिसत होतं. संध्याकाळी संतराम शालूबाईंना मागं बसवून गाडी घेऊन आले. गुलाम नबींनी डबी सीटखाली बसवली, एक तार बॅटरीला दिली, अर्थिंगची तार नेहमीप्रमाणं चेसिसच्या बोल्टला आवळली, इंजिन सुरू केलं, हेल्मेट स्वतःच्या डोक्यात घातलं आणि डोळे मिटले.

शालूबाई दुसऱ्या हेल्मेटातून पुटपुटल्या, "आज भाजी खारट झाली व्हती." शब्द न् शब्द कानात उतरला. गुलाम नबींचं मन भरून आलं. एवढं नेटकं काम त्यांच्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

"साफ!" ते म्हणाले.

संतरामनी हेल्मेट घातलं, ऐकलं, आणि रिवाजाप्रमाणं म्हणाले, "एकदम साफ, चाचा."

"कुठलं साफ?" शालूबाई म्हणाल्या. "कानात कुणीतरी सुई घालून राहिलं असं वाटून राहिलं मला. ही शिट्टी कसली?"

दुकानाच्या पायरीवर बसलेल्या दोघा रिकामटेकड्यांनी माना वळवल्या. गुलाम नबींनी हेल्मेट पुन्हा घातलं. इंजिनची घरघर होती, तीही लांबून आल्यासारखी. शिट्टी नव्हती. त्यांनी रेस वाढवली.

"आता चढली," शालूबाई म्हणाल्या.

रेस कमी केली.

"आता उतरली."

"बाई," गुलाम नबींचा पारा चढला, "मशीनवर चार चार तास पडून राहिलं की माणसाच्या कानात असं काहीबाही वाजते."

हे बोलायला नको होतं, आणि ते त्यांना बोलता बोलताच कळलं. पण शालूबाई रडूबिडू लागल्या नाहीत.

"चाचा, माझ्या किडन्या गेल्यात," त्या म्हणाल्या, "कान न्हाईत गेले."

गुलाम नबींनी संतरामकडं पाहिलं. "संतराम, तू सांग. शिट्टी हाय का?"

संतरामनी आधी बायकोकडं पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडं. "हाय थोडी, चाचा."

"मग साफ काहून म्हणलास?"

"तुमी साफ म्हणले ना."

त्यात खोड काढायला जागाच नव्हती. मोठ्या माणसानं साफ म्हटल्यावर त्याच्या तोंडावर नाही म्हणायचं नसतं, हे संतरामला कुणी शिकवायची गरज नव्हती. गुलाम नबींनी स्वतःच्या वडिलांसमोर तरी दुसरं काय केलं होतं? पायरीवरचे दोघे आता रस्त्यावरून जाणारी हळदीची पोती मोजल्यासारखं करत होते. गुलाम नबींनी हेल्मेट टेबलावर ठेवलं. भर बाजारात डोक्यावरची टोपी कुणी उचलून न्यावी तसं त्यांना झालं होतं.

"गाडी इथंच राहू दे," ते म्हणाले. "एसटीनं जा. उद्या सकाळी दोघं बी या."

दुकानाच्या मागंच त्यांचं घर. त्यांची बायको खतीजाबी अंगणात बाजेवर बसून मेथी निवडत होत्या. दिवस मावळला होता. गुलाम नबी त्यांच्या शेजारी टेकले. खतीजाबींनी पेला भरून पाणी दिलं, ते तसंच हातात राहिलं. गेली दोन वर्षं ते दिसेल त्याला सांगत होते की शेतकऱ्यांनी औषधं मारून मारून वसमतचे रातकिडे संपवले. दुकानात एक कृषी अधिकारी आला होता, त्यालाही त्यांनी चांगलं सुनावलं होतं.

"सुनती क्या," त्यांनी विचारलं, "रातकिडे हैं अब्बी?"

खतीजाबींचा हात थांबला. "गये इच कब थे? मोरी के पास चिल्ला रहें देखो. कान खा रहें."

गुलाम नबींनी मोरीच्या दिशेनं कान दिला. रस्त्यावरच्या ट्रॅक्टरची धडधड आली, शेजारच्या घरातला टीव्ही आला, कुणाचं तरी लेकरू रडलं ते आलं. मोरीपाशी काहीच नव्हतं.

"तू बोली काय कू नहीं?"

"तुम पूछे क्या?" खतीजाबी म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज उतरला. विश्वंभर गुरुजींच्या शाळेचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त होऊन गेला त्याला वर्ष झालं होतं. प्रार्थनेच्या वेळी पोरं कानांत बोटं घालायची, म्हणून गुरुजींनी तो कपाटात ठेवून दिला होता. गुरुजींच्या बायकोनं हे खतीजाबींना सांगितलं, आणि 'चाचांना सांगू नका' असंही सांगितलं. गुरुजी स्वतः दर शुक्रवारी दुकानासमोर सायकल थांबवून म्हणायचे, "चाचा, मशीन एक नंबर चालून राहिली."

गुरुजी एकटे नव्हते. खतीजाबींनी आणखी तीन नावं सांगितली आणि थांबल्या, कारण गुलाम नबींनी हात वर केला होता. त्यांना रडू आलं नाही, पण लाज फार वाटली. लोकांनी फसवलं असतं तर रागावता आलं असतं. इथं तर सगळ्या गावानं त्यांना जपलं होतं, आणि त्या जपण्याच्या नादात एक बाई परवा पुन्हा रस्त्यावर पडू शकली असती. शालूबाईंसारखी फटकळ बाई वर्षभर आधी दुकानात आली असती तर किती बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं.

पण गुलाम नबी हातपाय गाळणाऱ्यांतले नव्हते. भाकरी खाता खाताच त्यांचं डोकं चालू लागलं. बारीक आवाज ऐकू येत नाहीत, एवढंच झालं होतं. तो आवाज कुठून निघतो, कुठल्या तारेनं चालत येतो आणि कुठं अडवायचा, हे त्यांना वसमतमधल्या कुठल्याही तरण्या कानापेक्षा जास्त कळत होतं. कान उसने घेता येतात. असे कान मात्र हवेत की जे मुलाहिजा बाळगत नाहीत, आणि असे दोन कान उद्या सकाळच्या एसटीनं येणार होते.

बुधवारी सकाळी त्यांनी शालूबाईंना दुकानातल्या गादीच्या खुर्चीत बसवलं. खतीजाबींनी पाठीला उशी दिली. डोक्यात हेल्मेट, समोर उभी मोटारसायकल.

"शालूबाई, आज कान तुमचे, हात माझे," गुलाम नबी म्हणाले. "मला शिट्टी ऐकू येत न्हाई. काल मी तुमाला नको ते बोललो, माफ करा. आता असं करा. कालच्याइतकी शिट्टी असली तर पाच बोटं. कमी झाली की बोटं मिटवत जा. पार गेली की मूठ. आन मी काही बी म्हणलं तरी तुमी खरं तेच दाखवायचं."

"खरं सांगायला मला काय भ्या हाय?" शालूबाईंनी पाच बोटं वर केली.

दुकानात हे इतक्या मोठ्यानं बोलून झालं होतं की पायरीवरच्या दोघांनाही ऐकू गेलं. गेलं तर गेलं. गुलाम नबींना उलट हलकं वाटलं. त्यांनी डबीची तार गाडीच्या बॅटरीवरून काढून टेबलावरच्या दुसऱ्या बॅटरीला लावली. तीन बोटं मिटली.

"म्हणजे तीन वाटे तारेतून येऊन राहिली आन दोन वाटे हवेतून," ते संतरामला म्हणाले. "आधी तारेतल्या चोराला धरू."

डबी पुन्हा गाडीच्या बॅटरीवर आली आणि पाचही बोटं उभी राहिली. त्यांनी एकेक तार सोडवून पाहिली. चूक सापडली तेव्हा ते स्वतःवरच हसले. अर्थिंगची तार चेसिसच्या बोल्टला! चाळीस वर्षं जीपला तशीच देत आलेले. जीपला चालून गेलं. इथं मात्र इंजिनची सगळी वीज त्याच लोखंडातून परत फिरत होती, आणि तिची वटवट डबीत शिरत होती. त्यांनी तार काढली आणि थेट बॅटरीच्या काळ्या टोकाला दिली. मग एका मेलेल्या रेडिओतून तांब्याचं वेटोळं आणि कपॅसिटर काढून वाटेत चौकीदारासारखे बसवले. हे चौकीदार सरळ चालणारी वीज सोडतात, थरथरणारी अडवतात.

शालूबाईंच्या हाताची दोन बोटं उरली.

"आता शिट्टी न्हाई," त्या म्हणाल्या. "पण टिकटिक हाय. सुतारपक्षी कसा चोच मारते, तसं. रेस दिली की घाई करते."

गुलाम नबींनी क्षणभर विचार केला आणि रस्त्यापलीकडं हाक मारली. "बाबूसिंग!"

बाबूसिंग मोटारसायकलींचा मेकॅनिक. त्याचं गॅरेज समोरच होतं. तो हात पुसत आला.

"या गाडीच्या प्लगची टोपी कुणी बदलली?"

"मीच, चाचा. मागच्या पावसाळ्यात. कंपनीच्या टोपीत रेझिस्टन्स असते, ते करंट खाते. सकाळी गाडी चालू होत न्हाई. मी सगळ्यांच्याच काढून टाकतो आन साधी टोपी बसवतो."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

म्हणजे वसमत, हट्टा आणि कुरुंद्याच्या निम्म्या गाड्या रस्त्यानं टिकटिक पसरत हिंडत होत्या. गुलाम नबींनी कपाळाला हात लावला.

"बाबूसिंग, ते करंट खायला नसते बसवलेलं. ठिणगीला गप्प बसवायला असते. ठिणगी बोंबलली की शेजारची प्रत्येक तार तिची बोंब ऐकते. गाडी चालू होत न्हाई ती प्लग काळा पडला म्हणून. प्लग साफ कर, टोपीला काहून बदनाम करतो?"

"व्हय, चाचा."

"व्हय म्हणू नको. पटलं तर म्हण."

बाबूसिंग गोंधळला. चाचांनी असं कधी विचारलं नव्हतं. त्यानं डोकं खाजवलं. "बराबर सांगू का? पटलं न्हाई. पण लावून बघतो."

"हे ब्येस," गुलाम नबी म्हणाले.

बाबूसिंगनं कंपनीची टोपी आणून बसवली, प्लग घासला, किक मारली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. गुलाम नबी शालूबाईंच्या हाताकडं बघत होते. एक बोट मिटलं. बाईनं डोळे बारीक केले, मान तिरकी केली. मग दुसरं बोट मिटलं आणि मूठ झाली. संतरामनी रेस दिली, पुन्हा दिली. मूठ तशीच राहिली.

"आता?" बाबूसिंगनं विचारलं.

"आता तुमी बोलून राहिले तेवढंच," शालूबाई म्हणाल्या. "बाकी काही न्हाई."

बाबूसिंग गॅरेजात गेला. तिथं टांगलेली साध्या टोप्यांची माळ त्यानं खाली उतरवली.

उभ्या गाडीवर काम झालं होतं, पण संतराम काही उभ्या गाडीवर नांदेडला जाणार नव्हते. वाऱ्यासाठी गुलाम नबींनी दोन्ही माइकांना स्पंजाच्या टोप्या शिवल्या आणि वरून शालूबाईंच्या स्कार्फचा एक पदर घ्यायला सांगितला. आता रस्त्यावर पारख करायची होती. खरी अडचण इथंच होती आणि ती कुठल्याही तारेत नव्हती. संतराम परत येऊन काय म्हणणार, हे गुलाम नबींना आत्ताच माहीत होतं.

त्यांनी शालूबाईंना बाजूला घेतलं. "रस्त्यात यांना काही बी सांगा. हळू सांगा, मशीनवरून उठल्यावर जेवढा आवाज निघतो तेवढ्याच आवाजात. आन यांनी व्हय म्हणलं तर ते धरू नका. तुमी सांगितलं ते यांनी केलं का, तेवढंच मला येऊन सांगा."

"काही बी सांगू?"

"काही बी."

शालूबाईंच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते गुलाम नबींना तेव्हा कळलं नाही. संतरामनी हेल्मेट चढवलं, तारेच्या पिना जोडल्या, आणि दोघं हट्ट्याच्या रस्त्यानं निघाले. दहा मिनिटांत परत या, असं ठरलं होतं.

दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. गुलाम नबींनी एक टेप खोलला आणि तसाच टाकला. संतरामचा फोन लागेना. तासाभरानंतर ते रस्त्यावर येऊन उभे राहिले. काल बाईला नको ते बोललो, आज तिला भर उन्हात रस्त्यावर पाठवली, तेही मशीनच्या आदल्या दिवशी, असं त्यांना वाटायला लागलं. बाबूसिंगनं गाडी काढून बघून येतो म्हटलं, तर त्याला जा म्हणवेना आणि थांब म्हणवेना. खतीजाबी दोनदा दारात येऊन गेल्या.

दोन तासांनी मोटारसायकल आली. शालूबाई मागं ताठ बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर शेवग्याच्या शेंगांची मोळी होती.

"कुठं मेला व्हतास रे?" गुलाम नबी ओरडले. संतरामला त्यांनी उभ्या जन्मात असं बोललं नव्हतं.

संतरामनी हेल्मेट काढलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. वाऱ्यानं म्हणावं, तर काच खाली होती.

"चाचा, ही मागून म्हणली, मिराबाईकडं चला. मिराबाई म्हणजे हिची बहीण, हट्ट्याला देलेली. मी व्हय म्हणलं. सवयच हाय ना. म्हणलं आन गाडी पुढंच घेतली. तर ही म्हणली, 'पंधरा वर्षं हेच ऐकून राहिले मी.' हळूच म्हणली. मला बराबर ऐकू आलं."

ते थांबले. बोलायची सवय नसलेल्या माणसाला असं थांबावंच लागतं.

"चाचा, या रस्त्यानं गेलं की दरवेळी ही मागून काहीतरी म्हणायची. मला वाटायचं, पिकापाण्याचं बोलून राहिली. ही बहिणीकडं न्या म्हणून राहिली व्हती. मी दरवेळी व्हय म्हणायचो आन फाटा मागं टाकून निघून जायचो. हिला वाटायचं, मला तिच्या माहेरचं माणूस नको. पंधरा वर्षं ही तसंच समजून बसली."

"मग?" गुलाम नबींनी विचारलं.

"मग गाडी वळवली," शालूबाई म्हणाल्या. "तुमीच म्हणले व्हते ना, काही बी सांगा?" मिराबाईला बहीण दारात दिसली तेव्हा तिच्या हातातली घागर सुटली. दोघी बहिणी आधी रडल्या, मग भांडल्या, मग शेंगा तोडायला गेल्या. फोन गाडीच्या डिकीतच राहिला होता. ही सगळी हकीकत शालूबाईंनी सांगितली. संतराम मान खाली घालून शेंगांची मोळी सोडत होते. अर्ध्या शेंगा त्यांनी खतीजाबींच्या हातात दिल्या.

गुरुवारी पहाटे दोघं अंधारातच वसमतवरून नांदेडकडं गेले. सकाळी दुकान उघडल्यावर गुलाम नबींनी पहिलं काम केलं ते विश्वंभर गुरुजींच्या शाळेत जाण्याचं. ते गुरुजींसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कपाटातली मशीन द्या. आन या बारीला एक पोरगं बी पाठवा संगं, ज्याला खोटं बोलता येत न्हाई." गुरुजींचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. गुलाम नबींनी ते मनसोक्त पाहून घेतलं. मशीन खांद्यावर टाकून ते ताठ मानेनं परत आले.

दुपारी दीडला यायची ती मोटारसायकल दोन वाजून गेले तरी आली नाही. आज ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले नाहीत, पण हातातला पाना तीनदा खाली पडला. सव्वादोनला गाडी दुकानासमोर थांबली. शालूबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या स्वतःच्या पायांनी उतरल्या, संतरामच्या खांद्यावर हात ठेवून खुर्चीपर्यंत आल्या आणि बसल्या.

"आली व्हती भोवळ," संतराम म्हणाले. "नांदेड सुटल्यावर थोड्या वेळानं. ही थांबा म्हणली. पुरतं म्हणली बी न्हाई, 'थां' एवढंच म्हणली. मी ब्रेक मारला. लिंबाखाली अर्धा तास निजवलं, पाय वर करून. मग निघालो." त्यांनी स्वतःच्या दोन्ही हातांकडं पाहिलं. बायकोला गाडीवरून उतरवून घेतलं होतं ते हे हात, यावर त्यांचा अजून विश्वास बसत नव्हता.

गुलाम नबींचा जीव भांड्यात पडला. त्यांना संतरामला मिठी मारावीशी वाटली, पण पायरीवर ते दोघं बसलेच होते. त्यांनी खतीजाबींना हाक मारून उशी मागवली. मग घसा खाकरला आणि मुद्दाम, रिवाजाप्रमाणं विचारलं, "संतराम, आता काम साफ झालं का?"

संतरामचं तोंड उघडलं. आतून नेहमीचं उत्तर निघालंच होतं. त्यांनी ते गिळलं आणि चाचांच्या डोळ्याला डोळा दिला.

"न्हाई, चाचा," ते म्हणाले. "साठच्या पुढं गेलं की माझ्या माइकात वारा घुसते. मी काय बोलून राहिलो ते हिला कळत न्हाई. ही माझ्यावर व्हय व्हय करून राहिली."

शालूबाई मिटल्या डोळ्यांनी हसल्या. गुलाम नबींनी हात पुढं केला, हेल्मेट घेतलं आणि स्टूल संतरामच्या अगदी जवळ ओढून बसले.

"आता नीट सांग," ते म्हणाले, "कुठून घुसते?"